निळ्या उजेडात सुनंदाच्या पेशी

रक्ताच्या कॅन्सरसाठी भावाच्या नाहीतर बहिणीच्या पेशी घेतल्या, कॅन्सर गेला, आणि मग त्याच पेशी अंगावर उठल्या, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहून राह्यलो. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. मी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत फिल्डवर होतो. कपाशीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट बघायचे, हे माझं काम. सकाळी मोटारसायकलला किक मारली की भोकरदन, पिंपळगाव रेणुकाई, तिथून आणखी आत, आणि दिवस मावळायला घरी. एका जागी बसायचं म्हटलं की माझा जीव कासावीस होतो. आणि मला आजार मिळाला तो असा, की ज्यात बसण्याशिवाय दुसरं कामच नाही.

माझं तोंडही फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सगळ्या भानगडीत रोगानं जेवढा घोळ घातला, तेवढाच माझ्या एका वाक्यानं घातला.

रिपोर्ट

सुरुवात हिरड्यांपासून झाली. दात घासले की बेसिन लाल. मग मांड्यांवर निळे डाग दिसायला लागले. वाटलं, कुठंतरी धडकलो असेन. बारीक ताप होता, तो गोळीवर काढत होतो. मनीषा, माझी बायको, रोज मागं लागायची, "एकदा रक्त तर तपासा." तिच्या कटकटीला कंटाळून एके सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं आणि प्लॉटवर निघून गेलो. दुपारी लॅबवाल्याचा फोन आला, जरा येऊन जा म्हणून.

गेलो. त्यानं खुर्ची पुढं सरकवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी न्हाई. गाडी आहे."

"घरचं कोणी बोलावून घ्या."

"कामून? मी काय बारका पोरगा आहे का? काय आहे ते बिलकुल सरळ सांग."

त्यानं कागद माझ्या हातात दिला. कागदावर पांढऱ्या पेशींच्या आकड्याखाली त्यानं पेनानं दोनदा रेघ ओढली होती. आकडा मला कळला नाही, पण त्या दोन रेघा कळल्या. तरी माझी खोड बघा. बाहेर येऊन पहिला फोन मी एका शेतकऱ्याला लावला, की उद्या कपाशीच्या क्रॉसिंगला, फुलांना हातानं पराग लावायला, बाया सांगून ठेव, मी येतोच आहे. तिसऱ्या दिवशी मी पुण्यात कॅन्सरच्या वॉर्डात होतो. त्या प्लॉटवर कोण गेलं, गेलं की नाही, मला आजवर माहीत नाही.

खोली

केमोचं सगळं सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं, आणि आठवलं तरी मळमळतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नुसत्या केमोवर भागणार नाही, दुसऱ्याच्या पेशी बसवाव्या लागतील. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळलं ते सुनंदाचं.

सुनंदा माझी धाकटी बहीण. आष्टीला दिली आहे. घरची शेती, कापूस आणि सोयाबीन. तिला पाच दिवस इंजेक्शनं दिली, त्यानं तिचं हाडन्हाड दुखलं. मग दोन्ही हातात सुया घालून चार तास मशीनला जोडून ठेवलं. हात हलवायचा नाही. नाकावर माशी बसली तरी दाजींनीच, म्हणजे तिच्या नवऱ्यानंच, हाकलायची. माझ्याच्यानं तसं चार मिनिटं झालं नसतं. ती उठली आणि काचेच्या पलीकडून मला फोनवर म्हणाली, "दादा, आता तुझ्या अंगात बाईमाणसाच्या पेशी आल्या बरं. आता तरी ताट उचलून ठेवशील का?"

माझा रक्तगटही बदलून तिचा झाला. हे मला अजून खरं वाटत नाही.

त्या खोलीत मी महिनाभर होतो. खिडकी उघडायची नाही, बाहेर जायचं नाही. सलाइनचा स्टँड ओढत मी पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत दिवसभर चालायचो. सकाळच्या पाळीची नर्स हसायची. "काका, तुम्ही स्टँडची चाकं झिजवून टाकली." मी तेव्हा अडतीस वर्षांचा. काका म्हटलं की डोकं फिरायचं, पण केस गेलेले, भुवया गेलेल्या, ती तरी काय म्हणणार? तीच नर्स स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं दारापाशी थांबून बाहेरच्या गोष्टी सांगायची. कँटीनमध्ये आज काय आहे, पार्किंगमध्ये कोण भांडलं. त्या पाच मिनिटांची मी सकाळपासून वाट बघायचो.

वाक्य

कॅन्सर गेला. आठ महिने बरे गेले. केस आले, तेही आधीपेक्षा कुरळे. मी गाडीवर कधी बसू म्हणून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं.

मग अंगावर लाल चट्टे उठले. तोंडात फोड आले, असे की पाणीसुद्धा झोंबायचं. हातांची कातडी ताठ व्हायला लागली. मूठ मिटेना, गाडीचा क्लच दाबता येईना. शर्टाची बटणं मनीषा लावून द्यायची आणि मी तिच्यावर ओरडायचो.

डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. सुनंदाच्या पेशी राखणदार आहेत. आपलं कोण, परकं कोण, हे बघणं त्यांचं काम. माझ्या अंगात त्या घर करून राहिल्या, पण त्यांना मीच परका वाटायला लागलो. आणि त्या गप्प बसत नाहीत. रसायनं सोडून एकमेकींना निरोप देतात, की इथं परका आहे, या, मारा. आता त्या कातडीवर उठल्या आहेत. "फुप्फुसावर गेल्या तर अवघड होईल," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आधी थांबवायला पाहिजे."

म्हणजे माझा जीव त्या एका गोष्टीवर अडकला होता. दर महिन्याला फुप्फुस तपासायला एका नळीत जीव खाऊन फुंकायचं, आणि पडद्यावरची रेघ खाली आली की काय म्हणून मनीषाच्या तोंडाकडं बघायचं.

स्टेरॉइड सुरू झालं. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, साखर वाढली, झोप गेली. आणि राग! पंख्याचा आवाज आला तरी राग. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांना सांगतो, पेशंटचं बोलणं त्या दिवसांत मनावर घेऊ नका. आणि पेशंटला सांगतो, औषधाच्या नावावर सगळं खपवू नका. थोडं आपलंही असतं.

अशात एक दिवस सुनंदा आष्टीहून आली. सकाळी उठून वांगी भाजून तिनं भरीत केलं होतं, बाजरीच्या भाकरी, वर शेंगदाण्याचा ठेचा. मला लहानपणापासून ते आवडतं म्हणून. डबा उघडला आणि त्या वासानंच माझ्या तोंडातले फोड पेटले. मी ओरडलो, "तुझ्याच पेशी मला खाऊन राह्यल्या, आन् वरून भरीत घेऊन आलीस!"

माय तिथंच लसूण सोलत बसली होती. तिच्या हातातली पाकळी खाली पडली. सुनंदा उठली. डब्याला झाकण लावलं, पिशवीत ठेवला, मनीषाला म्हणाली, "वहिनी, दोनची गाडी सापडंल," आणि गेली. मनीषा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही माफी मागायला फोन केला नाही. उद्या करू, परवा करू, असं करत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काय!

उजेड

स्टेरॉइडनं भागेना तेव्हा मॅडमनी उजेडाचा उपाय सांगितला. मला वाटलं चेष्टा करतात. उन्हातान्हात जन्म गेला माझा, आता उजेड दाखवून काय बरं होणार?

तो असा असतो. हातातून रक्त मशीनमध्ये जातं. मशीन त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतं, बाकीचं रक्त परत आपल्याला देतं. त्या पेशींत एक औषध मिसळतात आणि त्यांच्यावर निळसर, डोळ्यांना धड न दिसणारा उजेड पाडतात. मग त्याही परत अंगात सोडतात. जवळजवळ तीन तास. लागोपाठ दोन दिवस, दर पंधरवड्याला, पुढं महिन्यातून एकदा. हात हलवायचा नाही. पहिल्या दिवशी माझा पाय इतका हलत होता की मशीनवाले साळवेभाऊ म्हणाले, "साहेब, पलंगाला ब्रेक लावलेत, तरी तो लोणावळ्यापर्यंत जाईल."

दुसऱ्या खेपेला मी साळवेभाऊंना विचारलं, "एवढं सगळं करण्यापेक्षा त्या पेशी मारूनच टाका की."

"थोड्या पेशी मरतात, सावकाश," ते म्हणाले. "पण कामाची गोष्ट पुढं आहे. त्या मरताना बाकीच्यांना निरोप जातो, की शांत व्हा, इथं लढाई नाही. थोड्याशा पेशींना उजेड दाखवायचा, आणि बाकीच्यांनी त्यांचं ऐकून गप्प व्हायचं. नेमकं कसं होतं ते अजून मोठ्यांनाही पुरतं कळलेलं नाही."

"आन् सगळ्याच मारल्या तर?"

"मग कॅन्सर परत आला तर त्याला अडवायला कोण? तुमच्या बहिणीच्या पेशींनीच तो दाबून धरलाय ना."

मशीनची घरघर चालू होती. मी तोंड भिंतीकडं केलं. ज्या पेशी मला खाऊन राह्यल्या म्हणून मी बोंब मारली होती, त्याच माझा जीव धरून बसल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा माझा पाय हलला नाही.

नवीन लोकांसाठी दोन गोष्टी. आदल्या दिवशी तेलकट खाऊ नका, रक्तात चरबी आली की मशीन कुरकुर करतं. पाणी भरपूर प्या. आणि उजेड घेतल्यावर चोवीस तास उन्हात जायचं नाही, डोळ्यांना काळा चष्मा, अंगभर कपडे. औषध अंगात असतं तोवर ऊन भाजतं. आता जालन्याच्या उन्हाळ्यात हे करून बघा! पुण्याहून येऊन स्टेशनवरून रिक्षात बसलो तर मनीषानं दोन्ही बाजूंना साडी बांधली. मी आत पूर्ण बाह्या, टोपी, तोंडाला रुमाल, काळा चष्मा. गल्लीतला शेजारी म्हणाला, "काय राव, कुठं दरोडा घालून आले?"

उजेडाच्या पाचव्या महिन्यात एका सकाळी चहाचा कप मी एका हातानं उचलला. मनीषाच्या आधी मायच्या लक्षात आलं. ती उठून देवघरात जाऊन बसली. त्या महिन्यात नळीतली रेघ जिथल्या तिथं होती. मॅडम म्हणाल्या, "फुप्फुस सुरक्षित आहे." मी त्यांना तीन वेळा विचारलं, "बराबर बघितलं ना?"

चष्मा

त्याच आठवड्यात दाजींचा फोन आला. माणूस अबोल. स्वतःहून फोन करतो म्हणजे काहीतरी मोठंच.

"दादा, तुमची बहीण काल वावरात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणले रक्त लई कमी झालंय."

"कशानं?"

"ती जेवतच न्हाई. मिरची सोडली, वांगं सोडलं, तेल सोडलं, बाजरी गरम पडती म्हणून ती बी सोडली. दूधभात खाती नुसता. आन् महिन्यातून दोन दिवस खिडकीला गोधडी लावून, काळा चष्मा घालून घरात बसती. कापूस फुटून राह्यला, वेचायला माणूस न्हाई, आन् ही आत अंधारात! लोक हसून राह्यले. तुम्ही तरी सांगा."

फोन ठेवला आणि मनीषाकडं बघितलं. ती मान खाली घालून भाजी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"त्यांनी तुमच्या सूचनांच्या कागदाचा फोटो मागितला. मी पाठवला. दर वेळी तारीख विचारायच्या. मला वाटलं, काळजीपोटी विचारतात."

कागदावर लिहिलं होतं तसं सगळं ती पाळत होती. आदल्या दिवशी तेल नाही. नंतर ऊन नाही. मी पुण्यात मशीनला, आणि ती आष्टीत काळा चष्मा लावून. वरून उष्ण-थंडाचं पथ्य तिचं स्वतःचं. माझं ते वाक्य तिनं खरं मानलं होतं, आणि आपल्या पेशींना वळण लावायला निघाली होती. मी कपाळाला हात लावला. मग रडू येईल असं वाटलं, पण माझ्या डोळ्यांतलं पाणी या रोगानं सुकवलंय, दिवसातून सहा वेळा औषधाचे थेंब घालतो. उठून तेच थेंब घातले.

आष्टी

दुसऱ्या दिवशी मनीषाला मागं बसवलं आणि गाडी काढली. क्लच दाबताना हात दुखला, पण दाबला गेला. ती सारखी म्हणत होती, "सावकाश." सावकाश चालवणं मला येत नाही, तरी चालवली.

सुनंदा दारात भिंतीला टेकून बसली होती. गालफडं बसलेली, ब्लाउज खांद्यावर ढिला. मला गाडीवर बघून आधी हसली आणि मग ओरडली, "उन्हात आला! उजेड कधी घेतलास?"

"आठ दिवस झाले. मला विचारू नको, आधी तू सांग. हे काय नाटक चालवलंस?"

"नाटक न्हाई. पथ्य आहे."

"अगं, तुझ्या खाण्याचा न् माझ्या अंगातल्या पेशींचा काही संबंध न्हाई. मॅडमला फोन करून विचारलं काल. एकदा दिल्या की संपलं. दिलेल्या माणसाला कसलंच पथ्य नसतं."

"त्यांना काय माहीत? बाळंतिणीनं वांगं खाल्लं की लेकराला बाधतं का न्हाई?"

"ते दुधातून जातं."

"आन् हे रक्तातून. नाळ तुटली तरी लेकरू आपलंच असतं ना? मंग पेशी माझ्या आहेत, मी मिरची खाल्ली की त्या तापणार न्हाईत?" तिनं माझा हात धरून उलटासुलटा करून बघितला. "आन् गुण आला का न्हाई? मी पथ्य धरलं आन् तुझी मूठ मिटली."

आता काय बोलणार? तारखा बराबर जुळत होत्या. ज्या पंधरवड्यात माझा उजेड सुरू झाला त्याच पंधरवड्यात तिचं पथ्य. दाजी माझ्याकडं बघत होते, मनीषा माझ्याकडं बघत होती.

मी तिच्या शेजारी खाली बसलो. "सुनंदा, त्या दिवशी मी लई वाईट बोललो. चुकलो."

"खरंच बोलला तू."

"न्हाई. अर्धं बोललो. उरलेलं अर्धं मला तेव्हा माहीत नव्हतं." मग तिला साळवेभाऊंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. कॅन्सर परत आला नाही तो तिच्या पेशींमुळं. त्या रात्रंदिवस पहारा देतात. डोक्यानं तापट आहेत, म्हणून कधी कधी मलाच चोर समजून दोन रट्टे देतात. डॉक्टर त्यांना मारत नाहीत, नुसती समज देतात.

ती ऐकत राहिली. पण तेवढ्यानं ती पथ्य सोडणार नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मग मी जे बोललो त्याबद्दल डॉक्टर मॅडमनी मला माफ करावं. वाचणाऱ्यांनी हे खरं धरू नये.

"आता तू त्यांना दूधभात खाऊ घालून पार गार पाडल्यास," मी म्हणालो, "तर पहारा कोण देणार? झोपल्या त्या, आन् मागच्या दारानं कॅन्सर आला, तर?"

सुनंदाचं तोंड उतरलं. तिनं दाजींकडं बघितलं, मनीषाकडं बघितलं. मनीषानं अगदी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. माझी बायको इतकं चांगलं खोटं बोलू शकते हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं.

सुनंदा भिंतीला धरून उठली आणि आत गेली. आली ती ताटात बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन, घरच्यांसाठी सकाळी केलेला. माझ्यासमोर मांडी घालून बसली. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावताना नजर माझ्यावरून काढली नाही. माझ्या कातडीवर कुठं काही उठतंय का, ते बघत होती.

किती महिन्यांनी मिरची! तिचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, कान लाल झाले. पदरानं तोंड पुसत, ठसका आवरत तिनं विचारलं, "दादा, पोचलं का रे काही?"

"पोचलं," मी म्हणालो. "बरं वाटून राह्यलं. आणखी एक घास घे."

तिनं दुसरा घास मोडला.